थांबणारी हातोडी

घरोघरी तांब्याच्या हंड्यातले पाणी पीत असत, त्या काळातली ही गोष्ट. एका गावात एक तांबटांचा कारखाना होता. गोष्ट काही गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना शेवटी सगळे सुखी झालेले आवडतात, त्यांनी दुसरी एखादी गोष्ट काढावी.

त्या कारखान्यात बारा तांबट बारा ऐरणींवर बसत. हंडे, घागरी, बंब, घंगाळी, जे मागाल ते तिथे घडत असे. थोरला मालक होता, तोवर तो त्यांच्यातच तेराव्या पाटावर बसे, त्यांच्याबरोबर भाकरी खाई आणि कोणाचा हात कसा आहे ते डोळ्यांनी बघे. पुढे तो वारला आणि धाकटा मालक गादीवर आला.

धाकट्या मालकाला धुराने खोकला येई. त्याने कारखान्यावर एक माडी बांधून घेतली आणि तो वर बसू लागला. माडीवरून खालचे दिसत काहीच नसे. ऐकू मात्र सगळे येई. दिवसभर ठोके ऐकून ऐकून त्याच्या मनाने घेतले की जितके ठोके तितके काम. मग त्याने हाताशी एक जाड काठी ठेवली. खाली एखादी हातोडी थांबली, की तो काठी जमिनीवर आपटे. तसे खालच्यांना कळे, की मालकाने ऐकले.

नवा माणूस ठेवायचा, तोही कानानेच. कामाला आलेल्या माणसाला दारातच ऐरण आणि हातोडी देत. त्याने ठोके घालायचे आणि मालकाने माडीवरून ऐकायचे. एकदा लांबच्या गावचा एक कारागीर आला. त्याने स्वतः घडवलेला तांब्या फडक्यात बांधून दाखवायला आणला होता. त्याचे ठोके सावकाश पडले, म्हणून त्याला परत पाठवले. ते फडके सोडून बघावे, असे कोणाच्या मनातही आले नाही. त्याच दिवशी एक दगडफोड्या आला. त्याने उभ्या जन्मात एक वाटी घडवली नव्हती. पण खाणीत दगड फोडून फोडून त्याचा हात असा बसला होता, की मालक वरूनच ओरडला, "ठेवून घ्या याला! असा माणूस पाहिजे!"

उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात. पण खळखळाटच विकत घ्यायला बसलेल्याला ते कोण सांगणार?

तांबटही काही दुधखुळे नव्हते. मालकाला काय हवे आहे, ते त्यांना लवकरच कळले. भांडे भट्टीत असले तरी ते मोकळ्या ऐरणीवर ठोके घालत बसत. तंबाखू मळायची तरी एका हाताने हातोडी चालू ठेवत. वर मालक मान डोलवी.

एकच माणूस तसे करत नसे. तो त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा तांबट. पंचवीस-तीस ठोके घातले, की तो हातोडी खाली ठेवी, भांडे कानाशी धरी, बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारी आणि डोळे मिटून ऐके. कधी पुन्हा ठोकायला लागे. कधी उठून भांडे भट्टीत घाली, लाल होऊ देई, निववी आणि मग पुन्हा बसे. इतका वेळ त्याची ऐरण गप्प असे. दगडफोड्या त्याला हसून म्हणे, "काका, काय म्हणतोय हंडा? घरची खुशाली सांगतोय का?"

म्हातारा म्हणे, "सांगतोय, अजून जरा दम खा म्हणून. तुझा काय म्हणतो?"

"माझ्या हंड्याला बोलायला सवड कुठे देतो मी!" दगडफोड्या म्हणे आणि सगळे हसत.

म्हाताऱ्याच्या शेजारच्या ऐरणीवर एक डावखुरा तांबट बसत असे. डाव्या हाताने ठोकताना त्याचे कोपर बाजूच्याला लागे, म्हणून त्याच्याजवळ कोणी बसत नसे. म्हातारा तेवढा बसे. बारा वर्षे शेजारी बसून डावखुऱ्यालाही त्या टिचकीतले थोडे थोडे कळू लागले होते.

एके दिवशी मालकाने म्हाताऱ्याला माडीवर बोलावले. लहानपणी मालक त्याच्याच मांडीवर खेळला होता, म्हणून बोलणे अदबीचेच झाले.

"काका, खाली बारा जण बसतात. मला अकराच हातोड्या ऐकू येतात. बारावी कुठे जाते?"

"माझीच ती, धाकटे मालक. मी मधूनमधून थांबतो."

"का थांबता?"

"तांबं ठोकत गेलं की ताठ होतं. त्याचा आवाज चढतो, कोरडा होतो. तो ऐकू आला की भट्टीत घालून मऊ करावं लागतं. तसंच ठोकत राहिलं तर भांडं दिसायला झकास होतं, पण अंगात चीर धरतं. ती चीर दिसत नाही. जाळावर गेल्यावर दिसते."

मालकाने विचारले, "तुमच्या हयातीत या कारखान्याची किती भांडी अशी तडकली?"

म्हातारा अभिमानाने म्हणाला, "थोरल्या मालकांच्या वेळेपासून एकही नाही."

"बघा!" मालक म्हणाला, "एकही तडकत नाही, तर मग थांबायचं कशाला?"

ज्या कामाचे यश म्हणजे काहीच न घडणे, ते काम दाखवायचे तरी कसे? म्हातारा खाली आला आणि आपल्या पाटावर बसला. पंचवीस ठोक्यांनंतर त्याने हंडा कानाशी धरला. वर काठी आपटली. त्याने टिचकी मारायची ती मारलीच.

त्या कारखान्यात एक जुनी रीत होती. खंडेनवमीला सगळ्यांच्या हातोड्या एका पाटावर मांडून त्यांची पूजा करत. पूजा झाली की मालक एकेकाचे नाव घेई आणि ज्याची त्याची हातोडी त्याच्या हातात देई. हातोडी मिळाली म्हणजे वर्षाचे काम मिळाले. आजवर कोणाची हातोडी पाटावर राहिली नव्हती. सगळ्यांत जुना माणूस पहिला, असा क्रम असे.

त्या वर्षी झेंडूची फुले वाहून झाली, नारळ फुटला. म्हातारा नेहमीप्रमाणे पुढे झाला आणि त्याने दोन्ही हात पसरले. मालकाने त्याची हातोडी उचलली, तिच्यावरचे फूल बाजूला केले आणि हाक मारली ती दगडफोड्याला.

दगडफोड्याही क्षणभर गांगरला. मग पुढे येऊन त्याने हातोडी घेतली.

म्हाताऱ्याचे हात तसेच राहिले होते. थोड्या वेळाने त्याने ते मागे घेतले आणि धोतराला पुसले. खरे तर पुसण्यासारखे त्यांना काही लागले नव्हते.

"काका, आता वय झालं तुमचं. आराम करा," मालक म्हणाला.

"पूजेचा दिवस आहे, आज वाईट बोलू नये," म्हातारा म्हणाला. त्याने प्रसादाचे खोबरे घेतले, ऐरणीला हात लावून नमस्कार केला आणि तो निघून गेला. अकरा जण होते. कोणी ब्र काढला नाही. डावखुरा मान खाली घालून आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. घरी त्याला चार मुली होत्या, आणि पाटावरून त्याची हातोडी अजून उचलायची होती. मला त्याचा राग येतो आणि त्याच्या जागी मी काय केले असते ते विचारले, तर उत्तर येत नाही.

म्हातारा आजूबाजूच्या गावांतल्या तांबटांकडे गेला. सगळीकडे एकच प्रश्न. "खंडेनवमीला तुमच्या हाती हातोडी का नाही दिली? काहीतरी असणारच." खरे सांगितले तर कोणाला पटेना, आणि खोटे त्याला जमेना. शेवटी दोन गावे पलीकडच्या एका पाटलाच्या गुऱ्हाळावर त्याला काम मिळाले. उसाचा रस ज्या मोठ्या काहिलीत उकळतात, तिच्याखालच्या चुलाणात जाळ घालायचा. चुलाणाच्या तोंडाशी बसून दिवसभर चिपाडे आत सारायची. चाळीस वर्षे तांब्याला आकार देणारे हात आता राखेत काम करू लागले.

त्याच सुमाराला त्या पाटलाची जुनी काहील झिजली, म्हणून त्याने याच कारखान्याकडे नवी तांब्याची काहील सांगितली. कारखान्याचे नाव मोठे होते. मागची काहील वीस वर्षे टिकली होती. मालकाने चौघांना त्या कामावर बसवले. त्यांत दगडफोड्या होता आणि डावखुराही होता.

चौघांच्या हातोड्या अशा चालल्या की माडीची जमीन हादरत होती. मालक खूश झाला. तिसऱ्या दिवशी काहिलीच्या तळावर ठोके घालताना डावखुऱ्याला हातोडी वेगळी उसळल्यासारखी वाटली. आवाजही चढा आला, कोरडा आला. तो थांबला. त्याने वाकून पेराने टिचकी मारली. तांबे ताठ झाले होते, यात शंका नव्हती. काहील भट्टीवर घ्यायला हवी होती आणि त्यात अख्खा दिवस गेला असता.

वर काठी आपटली.

बाकीचे तिघे ठोकता ठोकता त्याच्याकडे बघू लागले. डावखुऱ्याला झेंडूच्या फुलांसमोर पसरलेले ते दोन हात आठवले. काठी पुन्हा आपटली. त्याने हातोडी उचलली आणि ठोका घातला. मग दुसरा. मग तो थांबलाच नाही.

दुपारी भाकरी खाताना त्याने मुकादमाला गाठले. मुकादम म्हणजे वरचा निरोप खाली आणि खालचा निरोप वर नेणारा माणूस.

"मुकादम, काहिलीचा तळ ताठ झालाय. मालकांना सांगा, एक दिवस भट्टीला द्यायला पाहिजे."

मुकादम घास गिळून म्हणाला, "गेल्या वर्षी मी एकदा सांगायला गेलो होतो, घागरीचा सांधा गळतो म्हणून. मालक म्हणाले, तुला काम करून घेता येत नाही, म्हणून कारणं आणतोस. तेव्हापासून मी वर चांगलंच तेवढं नेतो. तुला जायचं असेल तर जिना तो समोर आहे."

जिना समोरच होता, आणि पायऱ्याही बाराच होत्या. डावखुरा चढला नाही.

काहील ठरल्या दिवशी तयार झाली. घासूनपुसून लखलखीत केलेली ती काहील गाडीवर चढली, तेव्हा मालक स्वतः खाली उतरला आणि त्याने चौघांना शाबासकी दिली. डावखुऱ्याने ती घेतली.

गुऱ्हाळावर काहील उतरवली तेव्हा म्हातारा राखेचे हात झटकत जवळ आला. त्याला राहवले नाही. तो खाली बसला, तळाला कान लावला आणि त्याने टिचकी मारली. मग जरा सरकून पुन्हा मारली.

तो पाटलाला म्हणाला, "पाटील, ही जाळावर चढवू नका. परत पाठवा. तळ भाजलेला नाही, नुसताच ठोकलाय."

पाटील हसला. "ज्यांनी तुला घरी बसवलं, त्यांच्या भांड्याला तू बरं कशाला म्हणशील?"

"राग आहे मला. नाही असं नाही. पण राग माझ्या मनात आहे, काहिलीच्या तळात नाही. तुम्ही स्वतः कान लावून बघा."

"आम्हाला काय कळतंय त्यातलं? अरे, मागची काहील याच कारखान्याची होती. वीस वर्षं टिकली."

"ती मी घडवली होती."

"मग तू चांगला होतास तर तुला काढला कशाला?" पाटील म्हणाला. त्याच्या आवाजात दुष्टावा नव्हता. त्याला खरोखरच तसे वाटत होते. "ऊस तोडून पडलाय, वाळत चाललाय. तुला जाळ घालायचा असेल तर घाल, नाहीतर दुसरा माणूस बघतो."

म्हाताऱ्याला निघून जाता आले असते. पण चुलाणाच्या तोंडाशी त्याच्या मदतीला एक जोडपे होते. दोघे चिपाडे आणून देत, आणि बाईचे तान्हे पोर तिथेच झोळीत असे. हा गेला असता, तर त्याच्या जागी त्यांनाच बसवले असते. तो त्यांना म्हणाला, "पोरी, ती झोळी तिकडे झाडाखाली बांध. तुम्ही दोघं उसाकडे बघा. जाळाला मी एकटा पुरेसा आहे."

पहिली काहील उकळली, गूळ उतरला, काही झाले नाही. दुसरी उतरली, तरी काही झाले नाही. रस ढवळणाऱ्या गुळव्याने वरून विचारले, "काय काका, तडकली का काहील?" आणि सगळे हसले. म्हाताराही थोडा हसला. आपण चुकलो असू तर बरेच आहे, असे त्याला मनापासून वाटत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी रस खदखदत असताना त्याला एक बारीक आवाज आला. नखावर नख आपटावे एवढाच. बाकी कोणाला तो ऐकू आला नाही.

"सरका!" तो सगळा जीव एकवटून ओरडला. "काहील सोडा! मागे व्हा!"

त्याच्या आवाजात असे काही होते, की गुळव्या आणि त्याचे दोन्ही सोबती हातातले टाकून मागे उडाले. तेवढ्यात तळ फाटला. उकळता रस धडाधडा चुलाणात पडला आणि वाफ, निखारे, सगळे एकदम चुलाणाच्या तोंडातून बाहेर आले. त्या तोंडाशी म्हातारा बसला होता.

तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जगला. बाकी कोणाला साधा फोडही आला नाही.

बातमी कारखान्यात आली, तेव्हा मालक जिना उतरून धावत खाली आला. रडवेला झाला होता बिचारा, खोटे कशाला बोला. सगळ्या हातोड्या थांबल्या. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच कामाच्या वेळी त्या जागेत शांतता झाली.

"काहिलीचा तळ ताठ झालाय, हे कोणाला माहीत होतं?" मालकाने विचारले.

"मला," डावखुरा म्हणाला.

"तुला माहीत होतं? आणि तू थांबला नाहीस?"

"थांबलो होतो, मालक. तुमची काठी वाजली."

मालक म्हणाला, "अरे, मग वर येऊन सांगायचंस! मी काय वाघ आहे?"

"सांगणाऱ्याचं काय होतं, ते खंडेनवमीला तुम्हीच दाखवलंत. आम्ही सगळ्यांनी नीट बघितलं. पण तुमच्यावर सगळं ढकलून मी सुटत नाही. माझ्या हातानं मारलंय मी काकांना. ठोके माझे होते." त्याने हातोडी ऐरणीवर ठेवली आणि तो बाहेर पडला. मालकाने त्याला तीन हाका मारल्या. तो परत आला नाही, आणि नंतरही त्याने कोणत्याच कारखान्यात हातोडी धरली नाही.

मग मालकाने नवा नियम केला. काठी भट्टीत घातली, माडीला कुलूप लावले आणि सगळ्यांना सांगितले, "आजपासून दर तीस ठोक्यांना थांबायचं. भांडं कानाशी धरायचं. आवाज बदलला की भट्टीत घालायचं. थांबलं म्हणून कोणाला काढणार नाही." बैल गेला आणि झोपा केला, दुसरे काय. पण केला, तेवढे त्याचे खरे.

दुसऱ्या दिवशी सगळे बसले. तीस ठोके झाले. सगळ्या हातोड्या एकदम थांबल्या. ज्याने त्याने आपले भांडे कानाशी धरले आणि टिचकी मारली.

मालक एकेकाच्या ऐरणीपाशी गेला.

"काय ऐकू येतंय?" मालकाने दगडफोड्याला विचारले.

"शिट्टी वाजल्यासारखं येतंय, मालक."

"मलाही तसंच," शेजारचा म्हणाला.

"माझ्याही भांड्यात शिट्टीच आहे," तिसरा म्हणाला.

ती शिट्टी भांड्यात नव्हती. रात्रंदिवस न थांबता ठोकून ठोकून त्यांच्या कानांना बारीक आवाज कळेनासे झाले होते. ती शिट्टी त्यांच्या कानात होती, आणि भांडे खाली ठेवले तरी ती वाजतच होती. आवाज ओळखणारे दोन कान त्या कारखान्यात होते. एक मातीत गेला होता आणि एक दारातून निघून गेला होता.

मालकाने दगडफोड्याच्या हातातला हंडा घेतला. मालकाचे स्वतःचे कान शाबूत होते. त्याने लहानपणी पाहिले होते तसा हंडा उचलून कानाशी धरला आणि पेराने टिचकी मारली. आवाज स्वच्छ आला. पण तो मऊ तांब्याचा होता की ताठ तांब्याचा, हे त्याला कळेना. त्याने पुन्हा मारली. आवाज पुन्हा आला. विचारायचे कोणाला? तो एकेकाच्या तोंडाकडे बघू लागला, आणि ते सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

गिऱ्हाईक दारात उभे होते. अखेर त्याने हंडा खाली ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "चालू द्या."

ठोके पुन्हा सुरू झाले.

तात्पर्य: कामाचा नुसता आवाज ऐकून माणसे ठेवू नयेत आणि काढूही नयेत. जो थांबून "इथे चुकते आहे" म्हणतो, त्याला घालवले, की चूक घडतच राहते, फक्त ती सांगणारा कोणी उरत नाही.